थंडी मोडलेला बर्फ

आमच्या घरात बर्फाला बंदी आहे आणि ती मी घातलेली आहे. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण घसा बसला म्हणून एकही रजा घेतली नाही. माझी नात कादंबरी सात वर्षांची झाली तरी तिने बर्फाचा गोळा चाखलेला नाही, हे मी कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत अभिमानाने सांगत असे.

तिला कॅन्सर झाला. गोळ्यामुळे नव्हे, हे उघड आहे.

उपचारांच्या शेवटच्या टप्प्यात तिला एक जहाल औषध शिरेतून द्यायचं होतं. त्याने तोंड येतं, आणि असं येतं की थुंकीही गिळवत नाही. ते टाळायला डॉक्टरांनी उपाय सांगितला. औषध सुरू व्हायच्या आधीपासून ते संपल्यावर काही वेळापर्यंत तोंडात बर्फाचे खडे धरायचे. तोंड गार पडलं की तिथे रक्त कमी जातं आणि रक्ताबरोबर येणारं औषधही कमी. मी म्हटलं, "वा!" माझ्या चेहऱ्याकडे बघून डॉक्टरांनी सगळं पुन्हा समजावलं.

माझा मुलगा वरद हिंजवडीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधतो. त्याने लगेच तक्ता केला. दर पाच मिनिटांना एक रकाना, बर्फ दिला की खूण करायची. पण ऐन त्या दिवशी त्याला आणि सुनेला, चैतालीला, सर्दी झाली. सर्दीवाल्यांना त्या खोलीत मज्जाव. घरात ठणठणीत अशी एकटी मी.

नर्सने उकळलेल्या पाण्याचा बर्फ डबाभर आणून दिला, सोबत एक वाटी दिली आणि ती औषधाच्या पंपाकडे वळली. कादंबरी एवढी खूश झाली, की तिने तीनदा विचारलं, "आजी, तू मला बर्फ देणार? तू?"

दिला. पण फ्रीजमधलं पाणी लहान मुलांना देताना आपण थंडी मोडून देतो, तसाच दिला. वाटी दोन्ही तळहातांत धरून बसायचे, खडे विरघळले की चमच्याने भरवायचे. नर्स आमच्याकडे वळायची तेव्हा वाटीत डब्यातले नवे खडे दिसायचे.

"आजी, हे तर पाणीच आहे."

"पी गुपचूप."

आणि प्रत्येक रकान्यात मी खूण केली. शिक्षिकेचा हात, एक खाडाखोड नाही.

आठवड्याने तिचं तोंड आलं. ओठांपासून पार घशापर्यंत. दूध नाकातल्या नळीतून. लाळ गिळायची वेळ आली की ती डोळे घट्ट मिटून माझं बोट दाबायची. सर्दी मात्र झाली नाही.

तोवर बरा झालेला वरद तक्ता घेऊन खोलीत बसला होता. "शंभर टक्के बर्फ दिलाय, तरी हे! म्हणजे उपायच बोगस आहे." तो मोबाइलवर लिहू लागला. आमच्यासारख्या आईबापांचा ग्रुप आहे, सत्तरेक घरं असतील. मी डोकावून वाचलं. 'बर्फाचा काही उपयोग होत नाही, मुलांना उगाच छळू नका.'

"पाठवू नकोस," मी म्हणाले.

"का?"

"मी थंडी मोडून देत होते."

त्याला कळायला वेळ लागला. मग त्याने लिहिलेलं एकेक अक्षर पुसलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"मग आता काय लिहू?" शेवटी त्याने विचारलं.

"झालं ते. बर्फ चांगला होता, आजी वाईट निघाली. नावासकट लिही."

त्याने लिहिलं. नाव तेवढं गाळलं. पाच मिनिटांत वारज्याच्या एका बाईंचं उत्तर आलं आणि वरदने ते मोठ्याने वाचलं. 'उद्या आमच्या मुलाला तेच औषध आहे. सासूबाई सकाळपासून म्हणतायत, बर्फ जरा कोमट करून देईन. त्यांना बाहेरच बसवते.'

कादंबरीने माझं बोट सोडलं आणि उशाजवळची वही ओढली. बोलता येत नव्हतं म्हणून सावकाश लिहिलं, 'म्हणजे त्याला खरा बर्फ मिळणार. मज्जा आहे त्याची.'