खटक्याला बांधलेली सुतळी

आमच्या ह्यांना कुणी मशीन शिकवायला गेलं की राग येतो. माती उकरायचं टिलर मशीन भाड्याने देताना दुकानदाराने एवढंच सांगितलं, "उजव्या हँडलखालचा हा खटका दाबून धरला तरच मशीन चालेल. हात सुटला की जागच्या जागी थांबेल." तर हे म्हणाले, "तेवीस वर्षं शाळेची बस चालवतोय मी." दुकानदाराने बिचाऱ्याने मान डोलावली. मीही डोलावली, कारण बढाई असली तरी खोटी नव्हती. इतक्या वर्षांत एका मुलाला साधं खरचटलं नाही. मुलं ह्यांना बसकाका म्हणतात, आणि आया पोरांना ह्यांच्या भरवशावर सोडून बिनघोर कामाला जातात.

रविवारची सकाळ होती. घरामागची जमीन भाजीच्या वाफ्यांसाठी भुसभुशीत करायची होती. गेल्या वर्षी ती मी एकटीने कुदळीने खणली आणि आठ दिवस कंबर धरून बसले. तेव्हा ह्यांची मदत म्हणजे खिडकीतून "अगं, जरा दमानं!" म्हणणं. म्हणून यंदा टिलर.

पहिला हात वरवरचा, झकास झाला. टणक पापडी फुटली, गवताची मुळं वर आली. मग पाती खाली करून हे दुसऱ्यांदा निघाले आणि मी पुढे बसून खडे वेचून बादलीत टाकू लागले. चालू मशीनच्या पुढे बसणं हा मूर्खपणाच, तो मी कबूल करते. पण खटका होता ना! हात सुटला की थांबणार होतं.

मधेच पाती कशावर तरी आपटली. जुन्या झाडाचा खुंट होता मातीत, हे नंतर कळलं. मशीनने उडी मारली. मान वर करून बघते तर हँडलपाशी कुणी नाही. हे मागे उताणे पडलेले आणि मशीन एकटंच घरघरत माझ्या अंगावर येतंय. चाकं फिरतायत, पाती फिरतायत.

मला उठताच येईना. कशीबशी कुशीवर लोळले. बादली पात्यांत सापडली आणि तिच्या चिंधड्या माझ्या पाठीवर येऊन पडल्या. मशीन पुढे जाऊन भिंतीला टेकलं आणि तिथेच जमीन उकरत राहिलं. ह्यांनी धडपडत जाऊन इंजिनाचं बटण बंद केलं.

"लागलं का गं? लागलं का?" ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"थांबलं का नाही ते?" मी विचारलं. "हात सुटला होता ना तुमचा?"

मी हँडलपाशी गेले. खटका हँडलला सुतळीने करकचून बांधलेला होता. अगदी नीट, दोन गाठी मारून.

मी अशी भडकले की विचारू नका. "अक्कल गहाण टाकलीत का? आत्ता माझे तुकडे झाले असते! एवढा कसला आळस, हं?"

"आळस नाही," हे म्हणाले. "दाबून धरता येत नाही मला."

"म्हणजे?"

ह्यांनी उजवा हात पुढे केला. "मूठ वळत नाही. आधी मुंग्या येतात, मग बोटं आहेत की नाहीत तेच कळत नाही. चारेक महिने झाले."

चार महिने. बरणीचं झाकण उघडून द्या म्हटलं की हे ती बरणी माझ्याकडेच परत सरकवायचे आणि मी ह्यांना ऐतोबा म्हणून चिडवायची. माझी मलाच शरम वाटली. पण ती क्षणभरच, कारण लगेच दुसरा विचार आला.

"अहो, मग बस कशी चालवता?"

हे डाव्या हाताने कपड्यांवरची माती झटकू लागले.

"मी विचारतेय, बस कशी चालवता?"

"एका हाताने. सावकाश." मग हळूच म्हणाले, "बसशिवाय मी काय करू गं? दुसरं काय येतं मला?"

मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा ते समजेना. मी घरातून फोन आणून ह्यांच्या डाव्या हातात दिला. "आत्ता सांगा शाळेत. उद्या सकाळी मुलं स्टॉपवर उभी असणार आहेत."

"तू सांग ना."

"नाही. तुम्हीच."

हे तिथेच, मातीत उभं राहून मुख्याध्यापिकाबाईंशी बोलले. "मॅडम, उद्यापासून मी बस नाही चालवणार. नाही नाही, सुट्टी नकोय. माझा हात काम देत नाही." पलीकडून बाई काहीतरी समजुतीचं बोलत असाव्यात, कारण हे बराच वेळ ऐकत होते. मग एकदम म्हणाले, "तसं नाही मॅडम. गुरुवारी पुलाच्या वळणावर स्टिअरिंग सुटलं हातातून. एकोणीस मुलं होती आत. समोरून गाडी येत नव्हती, म्हणून वाचलो."

गुरुवारी घरी आल्यावर ह्यांनी जेवणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली होती, आणि मी रात्रभर अबोला धरला होता.