झाकलेली बाटली

नवऱ्याच्या सलाईनच्या बाटलीवर चढवलेल्या त्या तपकिरी पिशवीच्या तळाशी, जिथून नळी बाहेर आली होती, तिथे बोटभर फट होती — आणि सकाळपासून तिची नजर राहून राहून त्या फटीकडेच जात होती. शेजारच्या खाटांवरच्या बाटल्या कशा उघड्यावर खुशाल लोंबत होत्या. झाकपाक काय ती एवढ्या एकाच बाटलीची. चांगल्या वस्तूला असं कुणी कशाला झाकून ठेवील?

काल नवऱ्याच्या आतड्याचा तुकडा काढला होता. त्यात वय, त्यात मधुमेह... "जंतू रक्तात पसरले तर रक्तदाब कोसळतो, मग एकेक अवयव मान टाकतो. अंग तापलं, थरथरलं की लगेच हाक मारा," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ते टाळायलाच हे नवं प्रतिपिंडांचं औषध — जंतूंचं विष आधीच धरून ठेवणारं. ऐकायला झकास! पण "या बाटलीत तेच आहे ना?" म्हटल्यावर बाई हसल्या होत्या.

"मलाही माहीत नाही. नेहमीची औषधं सगळ्यांनाच देतो. हे नवं मात्र निम्म्यांना, बाकीच्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय, ते आम्हालाही कळू देत नाहीत. कळलं की पेशंटकडे बघायची आमचीच नजर बदलते."

नजर बदलते म्हणे! म्हणजे माझ्या माणसाच्या अंगात पाणी सोडायचं आणि वर मजा बघत बसायचं... मी काय दुधखुळी आहे? सिस्टर पाठमोरी झाली तशी ती उठली, खाटेचा लोखंडी कठडा धरून टाचा उंचावल्या आणि पिशवीची कड वर केली. आत स्वच्छ, बिनरंगाचं काहीतरी. शेजारच्या बाटलीतही तसंच.

"काय दिसलं?" नवरा जागा होता.

"अहो, पाणी आहे हे! नुसतं पाणी!"

"असेल. औषधाच्या चाचणीसाठी सही घेण्याआधीच सांगितलं होतं त्यांनी."

"आणि मला?"

"तू करू दिली असतीस सही? तुला देव भेटला तरी तू आधी ओळखपत्र मागशील." हसता हसता पोटात कळ आली, तसे त्याने डोळे मिटून घेतले.

म्हणजे हासुद्धा झाकून ठेवणारा. डॉक्टर परके, त्यांचं एक वेळ समजू शकते, पण हा... "काही नाही गं, जरा गॅस झालाय" म्हणत महिनोन्‌महिने पोट दाबून बसणारा हाच. मग मघाशी म्हणाला, "बरं वाटतंय" — ते तरी कशावरून? संसारभर ऐकलेलं एकेक "बरं आहे" ती मंडईतल्या भाजीसारखं उलटंपालटं करून बघायला लागली, आणि तिला फार एकटं वाटलं.

तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. गरम लागलं. का कठडा धरून आपलाच हात गार पडलाय? दुसरा हात ठेवला. तो म्हणाला, छे, काही नाही. पोरांचा ताप या हातांनी नुसत्या स्पर्शाने ओळखला होता... "सिस्टर" अशी हाक ओठांवर आली आणि तिथेच घुटमळली — हा ताप आहे, की मी ते पाणी पाहिलं म्हणून तसं वाटतंय? तिने तोच हात स्वतःच्या कपाळावर ठेवून पाहिला. तेही गरमच लागलं.