कोंडीरामाच्या शिव्यांची फाईल

खंडेनवमीला हत्यारं पुजायची असतात. धुरपदाबाईनं जन्मभर विळा, खुरपं आणि कुळव पुजला होता. आता लेकानं येडशीत फोटो स्टुडिओ टाकला, तर कॅमेरा आणि ड्रोन पुजायलाही तिची ना नव्हती. त्यातच वीतभर काळी डबी होती. रणधीर तिला हार्ड डिस्क म्हणायचा आणि बायकोपेक्षा जास्त जपायचा. धुरपदाबाईनं डबीला हळदकुंकू लावलं, वर झेंडू ठेवला आणि नारळ टेबलाच्या कडेवरच दणकन हाणला. डबी खाली पडली आणि तिच्या पोटात टकटक सुरू झाली.

रणधीरनं कपाळ बडवून घेतलं. "आये, चालू व्हती ती! बंद आसती तर वाचली आसती. चालू कुणी ठिवली?"

"मला काय म्हाईत बाबा तुमची यंत्रं," धुरपदाबाई म्हणाली आणि खोबरं किसायला बसली. साळसूदपणात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

दसरा उलटल्यावर रणधीर डबी घेऊन धाराशिवला निघाला, तर ही आधीच मोटरसायकलवर मागं बसलेली. कशाला येतेस म्हटलं तरी उतरेना.

डिस्क दुरुस्त करणारा दुकानदार शंभुलिंग मुरुमकडचा, कुठल्याही म्हातारीला कानडीत अव्वा म्हणणारा. त्यानं डबीवरचं कुंकू पुसलं, तिला कान लावला आणि विचारलं, "अव्वा, पूजा केली का उत्तरपूजा?" मग मात्र गंभीर झाला. "मरायला टेकलीय. सगळं निघणार न्हाय. एकेक फाईल उपसू, पण मधीच जीव सोडंल. जी लई गरजेची ती आधी सांगा."

"ड्रोनचं शूटिंग," रणधीर लगेच म्हणाला. "रामलिंगाचा धबधबा. त्योच दावून गिऱ्हाईक येतंय."

धुरपदाबाईनं पदर तोंडाशी नेला. लाज वाटत होती, पण गप्प बसायची सोय नव्हती.

"धबधबा पुढल्या पावसाळ्यात परत पडंल," ती म्हणाली. "आधी तुझ्या आबाला काढ."

"आबा भिंतीवर हायेत की."

भिंतीवर होता खरा. तिचा नवरा कोंडीराम गेला तेव्हा रणधीरनंच कॉम्प्युटरवर त्याला कोट चढवला, टाय बांधला, टोपी काढून भांग पाडला. जन्मभर धोतराच्या सोग्याला नाक पुसणारा माणूस मेल्यावर तहसीलदार झाला. त्या तहसीलदाराला हार घालताना धुरपदाबाईला परक्या पुरुषापुढं उभं राहिल्यासारखं व्हायचं.

"त्यो न्हाय. शिव्या देतेत त्यो."

रणधीर बघतच राहिला. नवा कॅमेरा आणला तेव्हा त्यानं जेवायला बसलेल्या बापावरच तो चालवून बघितला होता. बापानं अशा शिव्या हासडल्या की ते शूटिंग त्यानं कुणालाच दाखवलं नव्हतं. "तुला कसं ठावं ते हितं हाय म्हून?"

"रोज बघती. दुपारी तू जेवाय घरी गेला की. नवमीलाबी बघत व्हती, अन् तशीच चालू ठिवून पूजेला लागली. त्यांचा आवाज दुसरीकडं कुठंच न्हाय रं. मला लई करमत न्हाय."

रणधीरला राग यायला हवा होता. पण त्याला नुसतंच वाईट वाटलं. "तीच काढा आधी," तो शंभुलिंगला म्हणाला.

पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. मध्येच थांबायची, डबी टकटक करायची, पट्टी पुन्हा हलायची. धुरपदाबाईनं भवानीआईला हाक मारली नाही. त्या नारळापासून दोघींत जरा अबोला होता.

शेवटी शंभुलिंगनं फाईल उघडली. भाकरी कुस्करणारा कोंडीराम पडद्यावर आला आणि कडाडला, "बंद कर ते, फुकणीच्या! माणसाला खाऊ देतू का न्हाय? अन् ही धुरपी बघा, कालवणात मीठ घालायचं इसरली अन् वर दात काढतीया..." मागं एक बाई खळखळून हसत होती. एवढ्यात चित्राचे चौकोन झाले आणि आवाज तुटला. डबीची टकटकही थांबली.

"एवढंच निघालं, अव्वा. डिस्क गेली."

"जाऊ दे. म्होरलं मला पाठ हाय."

आणि ती भर दुकानात उभी राहून कोंडीरामाच्या घोगऱ्या आवाजात सुरू झाली. कॅमेऱ्याला, तो बनवणाऱ्याला, म्हशीला, सासुरवाडीला, म्हणजे स्वतःच्याच माहेराला, कुणाला म्हणून सोडलं नाही. चार्जर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पायरीवरूनच मागं फिरलं. शंभुलिंग टेबलावर डोकं ठेवून हसत होता.

मग ती एकदम थांबली.

"शेवटाला एक व्हती. घास गिळला अन् मग दिली. कंची रं?" तिनं दोन शिव्या देऊन बघितल्या. मान हलवली. "ह्या न्हाईत." तिचं तोंड उतरलं. हात उगीचच पदराचं टोक पिळू लागले.

रणधीरला ती शिवी चांगली आठवत होती. पण आईसमोर त्यानं आजवर साधं 'च्यायला'सुद्धा म्हटलं नव्हतं. त्यानं शंभुलिंगकडं बघितलं, खाली बघितलं आणि मग बापाच्याच ठसक्यात ती शिवी अख्खी, कानामात्रा न गाळता दिली. ती इथं लिहिण्यासारखी नाही.

"व्हय, हीच," धुरपदाबाई म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंही नाही. "पुन्यांदा म्हन."