होडीच्या बॅटरीची पारख

"नाना, बॅटरी है ये, टरबूज नही. टिचक्या काय मारता?" दुकानदार हसला, तसे आमच्या यांचे कान लाल झाले.

यांनी टिचकी मारायची सोडली नाही. मी बाजूच्या स्टुलावर नामाची माळ ओढत बसले. तोंड घालून उपयोग नव्हता.

आमचं गाव धरणाच्या फुगवट्यावर. पाणी उतरलं की पल्याडचा गाळ उघडा पडतो, त्यात आम्ही टरबूज लावतो. जायला-यायला होडी. वल्हं मारून मारून यांचे खांदे गेले, म्हणून होडीला बॅटरीवरची मोटार बसवली, अन् तिथून डोक्याला ताप सुरू झाला. पहिली बॅटरी पोट फुगून मेली. दुसरीनं भर वाऱ्यात, मधोमध पाण्यात जीव सोडला.

यांना सगळा गाव बैल पारखायला लासूर स्टेशनच्या बाजाराला नेतो. यांनी पाठीवर हात ठेवलेला बैल कधी औताला बसला नाही. अन् या काळ्या डब्यानं दोनदा फसवलं! पल्याडच्या गाळात आमच्या शेजारी साहेबराव भाऊजींचा वाफा. त्यांनी पारावर सगळ्यांदेखत टोमणा मारला, "कारभारीनाना, बैलाला दात असत्यात. बॅटरीचं तोंड कुठून उघडायचं, ते तुम्हाला नाय जमायचं."

"तिसरी आनून दावतो. टिकली तर तू बी तीच घेशील का?"

"घेतो की! तुमच्या शब्दावर घेतो."

म्हणून हे आज इतके हट्टाला पेटले होते.

"ही मरीन बॅटरी," दुकानदार सांगत होता. "खास होडीची. गाडीची बॅटरी एकदम जोर लावती अन् गप बसती. ही हळूहळू दिवसभर ओढती. उचलून बघा, शिसं किती हाय. बनवल्याचा महिना बघा, एकदम ताजी."

"मागल्या दोघांनी बी हीच पोथी वाचली व्हती," हे म्हणाले. "जुवाला लावल्याबिगर म्या बैल घेत नाय. टिपाड आन पान्याचं."

होडीची मोटार यांनी पोत्यात घालून आणलीच होती. दुकानाच्या पायरीशी टिपाड भरलं, मोटार आत सोडली, बॅटरी जोडली. पाणी असं घुसळलं की येणाऱ्या-जाणाऱ्याचे बूट भिजले. एक पोरगा गाडी थांबवून म्हणाला, "चाचा, लस्सी बना रहे क्या?"

ऊन पायरीवरून भिंतीवर गेलं तरी मोटार थांबेना. संध्याकाळ व्हायला ती मंद झाली अन् मग थांबली. यांनी बॅटरीच्या पाठीवर थाप मारली. "ह्याला म्हंत्यात बैल! पार बसंस्तोवर वढलं."

दुकानदार फरशी पुसून वैतागला होता. "घेऊन जावा बाबा. पन घरी गेल्या गेल्या चार्जिंगला लावा, विसरू नका."

यांनी नुसती मान हलवली.

घरी सासूबाई उंबऱ्यातच उभ्या. "आता अवस तोंडावर आली. नव्या वस्तूला हात लावायचा नाय. पाडव्याला पूजा करून होडीत चढवा."

मी बॅटरीला हळदकुंकू वाहिलं अन् हळूच म्हटलं, "अहो, चार्जिंगला तरी लावते."

"लावली म्हंजी वापरलीच की!" हे म्हणाले. "पाडवा काय लांब हाय?"

बॅटरी आठवडाभर देवापुढं रिकामी पडून राहिली.

पाडव्याला गुढी उभारली अन् पूजा करून तार जोडली. चार्जरचा हिरवा दिवा इतक्या लवकर लागला की हे खूश झाले. "बघ, कशी चटकन भरली!"

दुसऱ्या दिवशी आम्ही पल्याड गेलो. जाताना मोटार चालली. टरबुजं भरून माघारी निघालो अन् मधोमध पाण्यात ती बंद पडली. वारं सुटलं. काठावर व्यापाऱ्याचा टेम्पो दिसत होता, हाक ऐकू जात नव्हती. यांनी फोन काढला अन् दुकानदाराला सात पिढ्यांसकट झोडपायला सुरुवात केली.

तिकडून तो एवढंच म्हणाला, "नाना, माझ्या दारात तुम्ही ती पार रिकामी केली. घरी कधी भरली?"

"पाडव्याला."

"आठवडाभर रिकामी ठेवली? तेव्हाच मेली ती. बॅटरी रिकामी ठेवली की आतून कडक व्हती, मग दिवा हिरवा लागला तरी तिच्यात दम राहत नाय."

यांनी फोन खिशात टाकला अन् वल्हं उचललं. मी दुसरं घेतलं. तळहाताला फोड आले, माझ्या तोंडात नाम अन् मनात चीड. अशी चीड, की देवाला सांगायचीही लाज वाटावी.

काठावर साहेबराव भाऊजी उभेच होते, मागं पारावरची चार टाळकी. "काय नाना, वल्हं काहून? दुकानदारानं गंडवलं ना? सांगा, मी बी उद्या जानार हाय. चोर आसंल तर सगळ्या गावाला सांगू."

एक 'व्हय' म्हटलं असतं तर यांची पारख शाबूत राहिली असती. कुणी विचारलं नसतं.

हे घाम पुसत चिखलात उतरले.

"चोर नाय तो. तीच घे, डोळं झाकून घे. बॅटरी अस्सल व्हती, साहेबराव. म्याच दमलेलं जनावर उपाशी बांधलं."

मागच्यांतला एक जण फिसकन हसला. साहेबराव भाऊजींनीही हसायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं, धोतर खोचलं अन् पाण्यात शिरून टरबुजं झेलायला लागले.