चोवीस नंबरची नळी

तीस वर्षं रक्त तपासून निवृत्त झाले आणि परदेशातल्या एका लहान इस्पितळात तीन महिने बिनपगारी काम करायला निघाले, तेव्हा आमचे हे एवढंच म्हणाले, "तीस वर्षं लोकांचं रक्त प्यायलीस, अजून तहान भागली नाही का?" मी गॅस बंद करायची आठवण भिंतीवर चिकटवली आणि विमानात बसले.

तिथली लॅब म्हणजे एक खोली. एक मायक्रोस्कोप, एक फ्रिज, हिमोग्लोबिन मोजायचं जुनं यंत्र आणि मास्तर. मास्तर हे तिथले तंत्रज्ञ. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण नळ्या अशा ओळीत उभ्या करत की सगळं इस्पितळ त्यांना मास्तर म्हणे. मंगळवारी आणि शुक्रवारी गरोदर बायकांची तपासणी असे. वीस-पंचवीस जणींचं रक्त सकाळी एकदम काढून येई. मास्तर नळ्या नंबराप्रमाणे स्टँडमध्ये लावत, सगळी लेबलं समोर, आणि मग एकेकीतून पिपेटने थेंबभर घेऊन मोजत बसत. स्टँडला कुणाचा धक्का लागला तर निजलेलं तान्हं मूल उठवल्यासारखं बघत.

मला माणसं वाचायला वेळ लागतो, रजिस्टरं पटकन वाचता येतात. आल्या आल्या मागच्या तीन महिन्यांची पानं चाळली. पहिल्या पाच-सहा जणींचं हिमोग्लोबिन अकरा, साडेअकरा. मधल्या नऊ. विसाव्या नंबरापुढच्या सात, साडेसहा. दर मंगळवारी तसंच, दर शुक्रवारी तसंच. रांगेत मागे उभं राहिलं की बाईचं रक्त आटतं, असा तिथला कायदाच असावा.

मी आधी यंत्रावर आळ घेतला. दिवा बदलला, काच पुसली, माझ्या जुन्या लॅबमधून आकडा आधीच ठाऊक असलेलं तपासणीचं द्रावण मागवलं. यंत्र धुतल्या तांदळासारखं निघालं. दोन आठवडे खर्ची पडले, जमेला एक नवा दिवा.

मग मोठ्या सिस्टरांना विचारलं. वॉर्ड त्यांच्या शब्दावर चाले. त्या म्हणाल्या, यात शोधण्यासारखं काय आहे? शेवटचे नंबर कुणाचे, तर लांबून चालत येणाऱ्यांचे. त्यांच्या घरी खायची मारामार, अंगात रक्त कुठून असणार? उत्तर इतकं रास्त होतं की मी मान डोलावून परत आले. पण रजिस्टरात पत्त्याचाही रकाना असतो. त्यात एक बाई सापडली, घर इस्पितळाच्या फाटकासमोर. बहुधा समोरच राहते म्हणूनच उशिरा आली होती, नंबर बाविसावा. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक नऊ. ती काही कोसभर चालली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी मी कामाला हात न लावता मास्तरांच्या टेबलाच्या मागच्या बाजूला, खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. तिकडून नळ्यांची पाठ दिसत होती. समोरून लेबलांनी झाकलेलं सगळं इथून उघडं होतं. तासाभरात लाल तळाशी बसत चाललं होतं आणि वर पिवळसर पाणी सुटलं होतं. गरोदर बाईचं रक्त असंही लवकर बसतं. मास्तरांची पिपेट वरच्या थरातच बुडत होती; नळी जितकी उशिरा मोजली जाई, तितकं थेंबात लाल कमी.

माझ्या जुन्या लॅबमध्ये नळ्या फिरवत ठेवणारं यंत्र होतं. तीस वर्षं ते कोपऱ्यात गुपचूप फिरत राहिलं आणि अचूकपणाचं कौतुक मी घेत राहिले.

मी मास्तरांना सुचवलं की मोजायच्या आधी प्रत्येक नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करू या. ते म्हणाले, रक्त काढताना सिस्टर करतात की. आता पुन्हा हातात घेतल्या तर क्रम बिघडेल. शिवाय तुमची तीस वर्षं असतील, पण माझीही सव्वीस आहेत. एवढं बोलून त्यांनी चोवीस नंबर मोजला. सहा पूर्णांक एक.

रिपोर्ट वॉर्डात गेला. पाच मिनिटांत तिथल्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आली, चोवीस नंबरला रक्त चढवायचं. फ्रिजमध्ये तिच्या रक्तगटाची एकच पिशवी होती. गरज नसताना परक्याचं रक्त अंगात घालणं हा धोका, आणि पुढच्या कुणा बाईला खरोखर रक्तस्राव झाला तर फ्रिज रिकामा. सिस्टर येऊन पिशवी घेऊन गेल्या.

मास्तरांशी वाद घालत बसले असते तर पिशवी लागली असती. मी म्हटलं, "चोवीस नंबर तुमचा. मी त्याला हात लावत नाही. एक नंबर तेवढा पुन्हा मोजा."

"एक नंबर सकाळीच झालाय. अकरा पूर्णांक चार."

"म्हणूनच म्हणते. तुमच्याच हाताने, तुमच्याच पद्धतीने."

अडीच तास उभ्या असलेल्या नळीतून त्यांनी थेंब घेतला. यंत्राचा काटा सात पूर्णांक दोनवर थांबला. मग त्यांनी ती नळी स्टँडमधून काढली, दहा वेळा उलटीसुलटी केली आणि पुन्हा मोजलं. अकरा पूर्णांक तीन. मला न विचारता चोवीस नंबर उचलला. दहा पूर्णांक दोन.

मी दाराकडे निघाले, तर ते म्हणाले, "ताई, थांबा. सही माझी आहे."

वॉर्डात पिशवी टांगून झाली होती, सुई तेवढी बाकी होती. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "पिशवी उतरवा. माझा रिपोर्ट चुकला." डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर काट मारली आणि विचारलं की आजवर असे किती चुकले. मास्तर म्हणाले, मोजून सांगतो.

दुपारभर आम्ही रजिस्टरं मागे नेत बसलो. विसाव्या नंबरापुढच्या, सातच्या आसपासच्या एकेचाळीस जणी निघाल्या. मास्तरांनी यादी स्वच्छ अक्षरात उतरवली, पत्त्यांसकट, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना परत बोलावणं सुरू केलं. माझ्या परतीला दोन आठवडे उरले होते, त्यांचे मी सहा करून घेतले. ह्यांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "काय करतेस एवढं तिथे?" मी म्हटलं, नळ्या हलवते.

पुढच्याच मंगळवारी यादीतल्या सतरा जणी आल्या. त्यांतल्या तिघींचं रक्त खरंच कमी होतं, त्यांची नावं मास्तरांनी वेगळ्या पानावर लिहिली. स्टँड आता खिडकीकडे तोंड करून होता, लेबलं मागे, रक्त समोर. मी एक नळी हलवून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती परत केली. "नऊच वेळा उलटलीत, ताई. दहा."