नोंद बरोबर, गुन्हा चुकीचा

वॉर्डातल्या बाराव्या खाटेचं सलाईन बदलत असताना आस्थापना विभागाचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. "सिस्टर, मोठ्या बाबूंनी बोलावलंय."

काय काम असणार ते तिला ठाऊक होतं.

मोठ्या बाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला. "जमात पडताळणीचं पत्र अजून आलं नाही. तुम्ही आदिवासींच्या राखीव जागेवर लागलात. सहा महिन्यांची मुदत होती, त्यातले एकोणीस दिवस उरलेत."

"मी पाठपुरावा करतेय, साहेब."

"करा. एकोणीस दिवस म्हणजे सरकारी हिशोबात उद्याच."

पाठपुरावा करून तिच्या चपलांचे तळ झिजले होते. तिच्याजवळ जमातीचा दाखला होता, तो आत्याच्या कागदांवरून मिळालेला. पण पडताळणी कार्यालयाने वडिलांचं शाळेचं रजिस्टर मागवलं आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. वडिलांच्या नावापुढे दुसरीच जात लिहिलेली होती. कारकून म्हणाला होता, "एक तर तुमचा दाखला खोटा, नाहीतर वडिलांची शाळा खोटी. पन्नास वर्षांपूर्वीचा, आजोबांच्या वेळचा एखादा सरकारी कागद आणा. बाकी सगळं आम्ही बघतो."

त्या संध्याकाळी ती थेट बाबांच्या वेल्डिंगच्या दुकानात गेली. बाबा एका लोखंडी फाटकावर वाकले होते. ठिणग्या उडत होत्या. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत.

"बाबा, शाळेत दुसरी जात का सांगितलीत?"

ठिणग्या थांबल्या, पण तोंडावरचा मुखवटा काही वर गेला नाही. "मास्तरांनी विचारलं. शेजारच्या बाकावरच्या पोरानं जे सांगितलं तेच मी सांगितलं."

"पण का?"

"दहा वर्षांचा होतो. का ते काय विचारतेस?"

"आजोबांचा काही कागद असेल?"

"आपल्या लोकांकडे कागद कुठून असणार? नाही काही. सोड तू हा नाद, धाकटे. दुसरी नोकरी मिळेल." आणि ते पुन्हा फाटकावर वाकले. बोलणं संपलं होतं.

दुसरी नोकरी मिळेल हे ज्यांना शोधावी लागत नाही त्यांनी म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून ती घरी आली. पहाटेच उठून तिने डोंगरातल्या आत्याकडची बस धरली.

आत्या अंगणात भांडी घासत होती. भाचीला अशी अवचित आलेली बघून तिने आधी सगळ्यांची खुशाली विचारली, मग कागदाचं ऐकून हात थांबवले.

"कागद आहे," ती म्हणाली. "पण आपल्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे. जंगलखात्याच्या कचेरीत. झाड तोडलं म्हणून आमच्या बाला, तुझ्या आजोबाला, धरून नेलं होतं. तेव्हा वहीत सगळं लिहून घेतलं. नाव, गाव, जमात. तीन महिने तुरुंगात होता."

"बाबा कधी बोलले नाहीत."

"बोलणार नाही तो. तू त्याला विचारू नकोस." आत्याने राखेत हात घातला आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. "बाला नेलं त्याच्या दुसऱ्या वर्षी तो ठेकेदाराबरोबर शहरात गेला. तो परत राहायला आला नाही. आपली बोलीसुद्धा तिकडेच टाकून आला. माझ्याशीही तुमच्यासारखंच बोलतो."

जंगलखात्याच्या कचेरीत जुन्या वह्यांची खोली जिन्याखाली होती. तिथला नोंदपाल सज्जन होता, पण त्याला धुळीची ॲलर्जी होती. तो दारात नाकाला रुमाल लावून उभा राही आणि आत ही एकटी वह्या उपसत बसे. दोन रजा गेल्या. काही वह्यांची पानं वाळवीने चाळणीसारखी केली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत तिला आजोबा सापडले. नाव, गाव. त्याखाली ठसठशीत अक्षरांत जमात. मग गुन्हा: राखीव जंगलात शिरून झाड तोडणे. शिक्षा: तीन महिने. शेवटी अंगठा.

तिने पान पुन्हापुन्हा वाचलं. ज्या सरकारला आपण कोण ते गेले सहा महिने कळत नव्हतं, त्याला आजोबांना आत टाकताना मात्र ते नेमकं कळलं होतं. कुणीही पुरावा मागितला नव्हता. तिला हसू आलं, आणि पाठोपाठ इतका संताप आला की नोंदपालाने बाहेरून विचारलं, "सापडलं का काही?"

"सापडलं," ती म्हणाली. "शिक्का मारून नक्कल द्या."

नक्कल तिने पडताळणी कार्यालयात दिली. सुनावणी आठ दिवसांनी लागली. वडिलांनी साक्षीला हजर राहावं असं पत्रात होतं. बाबा कुरकुरत का होईना, तयार झाले. आता त्यांना वहीचं सांगायला हवं होतं. ती रोज ठरवत होती. जेवताना सांगू म्हणायची, तर जेवण उरकायचं. दुकानात गाठू म्हणायची, तर तिथे गिऱ्हाईक असायचं. बसमध्ये शेजारी बसून तिने तासभर फाईलची दोरी बांधली आणि सोडली, पण तोंड काही उघडलं नाही. उगाच खिडकीबाहेर बघत राहिली.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबलामागे तिघं होते. मध्ये अध्यक्ष, त्यांच्या उजवीकडे एक वयस्कर बाई, आणि कडेला टंकलेखक. बाबांना खुर्ची दिली. ती मागे उभी राहिली. अध्यक्षांनी फाईल चाळली आणि नक्कल उचलून सरळ वाचायला सुरुवात केली. नाव. गाव. जमात. गुन्हा.

बाबांची मान ताठ झाली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण तिला त्यांच्या कानशिलावरची शीर दिसली.

"हे तुमचे वडील?"

पंखा फिरत होता. टंकलेखकाने बोटं यंत्रावर तयार ठेवली होती.

"ही नोंद चुकीची आहे," बाबा म्हणाले.

अध्यक्षांनी नक्कल खाली ठेवली. "म्हणजे हे तुमचे वडील नाहीत?"

"वडील माझेच. गाव बरोबर. जमात बरोबर. गुन्हा चुकीचा. ते झाड मी तोडलं होतं." बाबा खुर्चीत पुढे सरकले. "नऊ वर्षांचा होतो. कोयता माझ्या हातात होता. गार्ड आला तेव्हा बानं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मला म्हणाला, घरी जा. मी गेलो."

अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, तो प्रश्न आमच्यापुढे नाही. आम्ही फक्त जमात ठरवतो."

"माझ्या जबानीत लिहा."

"तुमच्या लक्षात येत नाही. तुम्हीच म्हणालात की नोंद खोटी आहे, तर त्याच नोंदीवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा? तुमच्या मुलीचं सगळं प्रकरण या एका कागदावर उभं आहे."

"लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही."

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही समजवा यांना."

तिचा हात बाबांच्या खांद्याकडे गेला. बाबा, आत्ता नको, एवढंच म्हणायचं होतं. हे आपण घरी बोलू. मुदतीतले पाच दिवस उरले होते. पण त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा शर्ट पाठीवर घामाने चिकटला होता, आणि त्रेपन्न वर्षांत ही गोष्ट त्याने बहिणीला सांगितली नव्हती, बायकोला नाही, तिलाही नाही. ती त्याने या तीन परक्या माणसांना सांगितली होती, कारण त्यांच्याकडे टंकयंत्र होतं.

"लिहा साहेब," ती म्हणाली. "ते म्हणतात ते सगळं लिहा."

"परिणाम तुमच्यावर होईल."

"होऊ दे."

वयस्कर बाई टंकलेखकाकडे वळल्या. "घ्या लिहून. साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे."

परतीच्या बसमध्ये बापलेक एका बाकावर बसले, पण मधे पिशवी होती. उतरताना बाबा एवढंच म्हणाले, "आधी सांगायला हवं होतंस."

"हो," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

पुढचे चार दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. वॉर्डात एकाच रुग्णाचा ताप दोनदा मोजला. फोन वाजला की हातातलं काम सुटायचं. बाबा जेवायला येत आणि मुकाट्याने उठून जात. शेवटच्या दिवशी दुपारी मोठ्या बाबूंनी स्वतः वॉर्डात येऊन पाकीट दिलं. दावा मान्य. जमात सिद्ध. ती औषधांच्या कपाटाला टेकून उभी राहिली.

संध्याकाळी तिने आदेश बाबांच्या दुकानात नेला. बाबांनी हात पुसले आणि बोट फिरवत तो वाचला. तिसऱ्या पानावर ते थांबले. तिथे एकच ओळ होती: साक्षीदाराचे इतर कथन प्रस्तुत प्रकरणाशी संबंधित नसल्याने विचारात घेतलेले नाही.

"म्हणजे मान्य केलं की नाकारलं?"

"दोन्ही नाही, बाबा."

"मग वहीत तसंच राहणार? बाच्या नावावर?"

बाबा फाटकाच्या चौकटीला टेकले. कागद त्यांनी तिला परत दिला नाही.

"ती कचेरी सोमवारी उघडी असते का?"

"असते. पण बाबा, इतक्या वर्षांनी ते लोक—"

"नाही म्हणतील. म्हणू दे." त्यांनी गल्ल्यातून पेन काढून तिच्यापुढे धरलं. "अर्ज कसा लिहितात तुला माहीत आहे. लिही."

ती स्टुलावर बसली, एका जुन्या बिलाची मागची बाजू गुडघ्यावर घेतली. बाबा दुकानात दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करत सांगू लागले. मध्येच अडत, शब्द बदलायला लावत. एकदा त्यांनी काहीतरी आपल्या बोलीत म्हटलं, जे तिला कळलं नाही. मग स्वतःच त्याचा अर्थ सांगितला. वारस म्हणून नाव, गाव, साल झालं. ती "झाड तोडले" असं लिहीत होती तेवढ्यात त्यांनी तिला थांबवलं.

"झाड मोठं नव्हतं," ते म्हणाले. "मनगटाएवढं होतं. तेही लिही."