पिंगळी का आवडते

तेरा वर्षांच्या पोरीनं कार्टून बघितलं तर कोणी काही म्हणत नाही, पण पंचेचाळिशीचा बाप तिच्याआधी सोफ्यावर जागा धरून बसला की शेजारीपाजारी हसतात. हसोत बापडे. 'वाऱ्यांची राखण' ही मालिका त्या घरात बापानंच आणली होती, आणि तिच्यातल्या पिंगळीवर पहिला जीव जडला तोही त्याचाच.

नायिका म्हणावी असं त्या पिंगळीत काही नव्हतं. डोंगरावरच्या गुहेत वारे पोत्यांत बांधून ठेवायचे आणि वेळ झाली की सोडायचे, एवढंच तिचं काम, पण तेही तिला धड जमत नसे. आळशी, हावरट, दुसऱ्याचं कौतुक झालं की हिच्या पोटात दुखायचं. गाठ सैल सोडून खुशाल झोपा काढायची आणि खाली होड्या उलटल्या की म्हाताऱ्या कासवावर खापर फोडायची. खोटं तर असं रेटून बोलायची की कासवालाच वाटावं, गाठ आपणच सोडली असेल. पण त्यात दुष्टावा नव्हता. समोरच्याचा पडलेला चेहरा तिला बघवत नसे, म्हणून बोलायची.

बापाला ती कळायची, कारण तो स्वतः त्याच मातीचा होता. चार वर्षांपूर्वी बायको दुसरीकडे संसार मांडायला निघून गेली, तेव्हा त्यानं लेकीला 'आई कामासाठी परगावी गेलीय' म्हणून दोन महिने झुलवलं होतं. खरं कळल्यावर पोरगी आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मग एका संध्याकाळी पिंगळीचा भाग संपला आणि तिनंच एक नियम काढला. भाग संपला की दोघांनी दिवसभरातली एकेक कबुली द्यायची. ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही आणि ती गोष्ट सोफ्याबाहेर न्यायची नाही. तेव्हापासून हा परिपाठ चालू होता. गणिताच्या वहीवर तिनं स्वतःच केलेली बापाची सही, साहेबांच्या वाढदिवसाला त्यानं गुपचूप हाणलेला केकचा तिसरा तुकडा, सगळं त्या सोफ्यावर जमा होतं. त्याला वाटायचं, आपण आता सुधारलो.

तो एका मोठ्या रुग्णालयात रोग्यांच्या रक्ताचे नमुने घ्यायचा. वॉर्डातले लोक त्याला लाडानं 'डास' म्हणत. कामाचा नियम साधा होता: रोग्याला नाव विचारायचं, रक्त काढायचं आणि तिथंच, खाटेपाशी उभं राहून, नळीवर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची. पण सकाळी साठ-साठ नमुने असले की नियम भिंतीवरच बरा दिसतो. डास खाली प्रयोगशाळेतच सगळ्या चिठ्ठ्या आधी चिकटवून घ्यायचा आणि खाटांच्या क्रमानं नळ्या ट्रेमध्ये लावायचा. वर गेलं की फक्त टोचत सुटायचं. सोळा वर्षं असंच चाललं होतं. सगळेच करत, आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्या मंगळवारी बिघडलं. बारा नंबरच्या खाटेवर, खिडकीशेजारी, एक रंगारी होता. अकरा नंबरच्या म्हातारबुवांचा रात्रभर जीव घुसमटत होता. पहाटे रंगारी उठला आणि म्हणाला, "या आजोबा, तुम्ही इकडं वाऱ्याला या." दोघांनी खाटा बदलल्या आणि झोपी गेले. एवढ्याशा गोष्टीसाठी कोण कुणाला उठवून सांगतंय! सहाला डास आला. दोघं गाढ झोपेत होते, म्हणून यानं नावं विचारली नाहीत. अकराव्या खाटेला अकरावी नळी, बाराव्या खाटेला बारावी; रंगाऱ्याच्या नावाच्या नळीत म्हातारबुवांचं रक्त गेलं. म्हातारबुवांना रक्ताची गरज पडली नाही, ते वाचले. रंगाऱ्याला दुपारी रक्त चढवलं, ते त्याच्या गटाचं नव्हतं. दिवेलागणीला तो गेला.

पिशवी लावली होती वॉर्डच्या सिस्टरनं. तिनं पिशवीवरचं नाव दोनदा वाचलं होतं, रोग्याला नाव विचारलं होतं, आणि दोन्ही नावं रंगाऱ्याचीच होती. तिनं काडीचीही चूक केली नव्हती. पण माणूस मेला की कुणाची तरी मान सापडावी लागते. खाटा बदलल्याची नोंद वॉर्डच्या वहीत का नाही, असं म्हणत दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलं. त्याच वेळी डासालाही बोलावून विचारलं, "नाव विचारलं होतंत? चिठ्ठी खाटेपाशीच लावलीत?"

"हो," तो म्हणाला. तेवढंच. सिस्टर शेजारीच उभी होती, पण त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी भाग संपला आणि त्यानं लेकीला सगळं सांगून टाकलं. पोटात मावतच नव्हतं. सांगताना तो हमसून रडला. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण नियम तिनंच केलेला. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "उद्या जाऊन सांगशील ना?"

"उद्या सांगतो."

उद्याचा परवा झाला. परवा अधीक्षक रजेवर होते. मग म्हणे चौकशी समिती बसू दे, मग म्हणे सिस्टरला काही होत नाही, तिची नोकरी पक्की आहे. पोरगी रोज विचारायची आणि तो रोज नवं कारण काढायचा. करून सवरून नामानिराळं राहायचं आणि वर रात्री झोपही लागायची, हे त्याचं त्यालाच किळसवाणं वाटत होतं. तरी पाय उचलत नव्हता. नोकरी गेली तर पोरीचं काय, असं तो स्वतःला सांगायचा. लेकराच्या आडोशाला लपणं सोपं असतं.

नवव्या संध्याकाळी भाग संपला. आज पिंगळीनं राणीचा आरसा फोडून कासवाच्या पाठीखाली लपवला होता आणि शेवटी रडत रडत जाऊन कबूल केलं होतं. बाप डोळे पुसून हसला.

"माझी कबुली," लेक म्हणाली. "मी आज शाळेतून सिस्टरच्या घरी गेले होते. त्यांना सांगितलं सगळं."

बापाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुला अक्कल आहे का? बापाला तुरुंगात घालायचंय? हे सोफ्याबाहेर न्यायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं. मोडलं मी." ती म्हणाली. "घाबरण्यासारखं काही झालं नाही. सिस्टर म्हणाल्या, तू आलीच नव्हतीस असं समज. म्हणाल्या, मी लहान मुलीला तिच्या बाबांविरुद्ध उभं करणार नाही. मला पाणी दिलं आणि कोपऱ्यापर्यंत सोडायला आल्या."

त्याला वाटलं, कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाबा, मला वाटायचं आपल्याला पिंगळी एकाच कारणासाठी आवडते," लेक म्हणाली. "मला ती आवडते कारण ती घाबरते, लपते, पण शेवटी जाते. तुला फक्त तिच्या चुका आवडतात. त्या बघून तुला बरं वाटतं." ती उठली, आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

सकाळी तो अधीक्षकांच्या खोलीत गेला आणि जबाब लिहून दिला. सिस्टरला बोलावून घेतलं होतं. तिनं कागद शेवटपर्यंत वाचला आणि टेबलावर ठेवला.

"चिठ्ठी आधी लावलीत, ते घाईत झालं असेल. ते मी समजू शकते," ती म्हणाली. "पण त्या रंगाऱ्याची बायको माझ्या दारात येऊन मला नाही नाही ते बोलून गेली. माझ्या सासूसमोर, मुलांसमोर. 'तुझ्या हाताला किडे पडतील' म्हणाली. तुम्ही तेव्हा कुठं होतात?"

त्यानं माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं.

"मला नका सांगू. त्याच बाई बाहेर बसल्यात, मृत्यूच्या दाखल्यासाठी. त्यांना सांगा."

अधीक्षक म्हणाले, "आम्ही कळवू त्यांना रीतसर, तुम्ही नका..." पण तो उठला होता. इथं बसून राहिलो तर पुन्हा उद्यावर जाईल, हे त्याला स्वतःबद्दल आता पक्कं ठाऊक होतं.

बाहेर बाकावर एक सडपातळ बाई मांडीवर प्लास्टिकची पिशवी धरून बसली होती. पिशवीत नवऱ्याचे कपडे, घड्याळ आणि चष्मा होता. त्याच्या अंगावरचा पांढरा कोट बघून ती सरकली आणि तिनं बाकावर जागा करून दिली.

"बसा ना. तुम्हीच का ते, रक्त घ्यायला यायचे ते?"

"हो."

"ते फार नाव काढायचे हो तुमचं. म्हणायचे, हात इतका हलका आहे त्या माणसाचा, की झोपमोडसुद्धा होत नाही."

तो बसला नाही. उभ्यानंच त्यानं सांगायला सुरुवात केली, आणि पहिल्या दोन वाक्यांनंतरही ती बाई तशीच, जागा करून, त्याच्याकडे बघत बसली होती.